गोडा मसाला कडवट का होतो आणि खवट का होतो

प्रमाण चुकलेलं नाहीये, हे आधीच सांगते. तुम्ही लिहिलंय की पाव किलो धन्याचा गोडा मसाला पहिल्यांदाच घरी केला, सगळं वजनकाट्यावर मोजून घेतलं, एकाच कढईत एकामागोमाग टाकत तेलावर भाजलं, मिक्सरला फिरवलं, आणि तरी आमटी कडवट लागली, वर जुलै येईपर्यंत डब्याला खवट वास यायला लागला. तुमची यादी मी दोनदा वाचली, त्यात मला काहीच खटकलं नाही. खटकलं ते "एकाच कढईत एकामागोमाग" एवढंच. कडवटपणा तिथून आला. खवटपणा खोबऱ्यातून आला. दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत म्हणून एकेक घेते.

मी गेली २३ वर्षं ऑर्डरचे मसाले करतेय, फेब्रुवारीच्या शेवटापासून ते मिरग लागेपर्यंत आमच्या घरात दुसरं काही काम नसतं, आणि मला विचाराल तर गोडा मसाला सगळ्यात अवघड. मालवणी किंवा कांदा-लसूण मसाल्यात मिरचीचा तिखटपणा एवढा पुढे असतो की भाजण्यातलं थोडंफार कमी-जास्त झाकलं जातं. गोड्या मसाल्यात झाकायला काहीच नाही. नाव गोडा आहे पण त्यात साखर-गूळ नसतो, गोडवा येतो तो खोबरं, तीळ आणि धने नीट खमंग भाजल्यामुळे, आणि यातलं एक जरी करपलं तर अख्खा डबा कडू. बरेच जण यालाच काळा मसाला म्हणतात कारण भाजून तो गडद होतो, पण मराठवाड्यात किंवा खानदेशात काळा मसाला मागितलात तर वेगळीच वस्तू हातात येते, तेव्हा कुणाकडून प्रमाण घेताना आधी ते कुठलं आहे ते विचारून घ्या.

माझं प्रमाण देते, तुमच्याशी ताडून बघा. धने २५० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, शहाजिरे, मिरे, दालचिनी, दगडफूल हे प्रत्येकी १० ग्रॅम, तमालपत्र आणि लवंग ८-८ ग्रॅम, नागकेशर, बाद्यान म्हणजे चक्रीफूल आणि मसाला वेलची ५-५ ग्रॅम, जायपत्री ३ ग्रॅम, खडा हिंग ५ ग्रॅम, अर्धा चमचा मेथ्या, चार-पाच ब्याडगी मिरच्या, एक मोठा चमचा हळद आणि एक मोठा चमचा मीठ. याचा साधारण अर्धा किलो मसाला पडतो. तुमच्याकडे खसखस घालतात, ती १०-१५ ग्रॅम घाला, चालते. मी घालत नाही कारण महाग पडते आणि या मसाल्यात ती फारशी जाणवत नाही असं माझं मत आहे.

आता भाजणं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हे सगळे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. धन्याला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात, जिऱ्याला दोन-तीन, शहाजिऱ्याला मिनिटभर पण नाही, आणि दगडफुलाला तर कढई तापलेली असेल तर वीस-तीस सेकंद पुरतात. तुम्ही धन्यावर जिरे, त्यावर दगडफूल असं टाकत गेलात तर धने व्हायच्या आत दगडफूल जळून कोळसा झालं, किंवा दगडफूल वाचवायला गेलात तर धने कच्चे राहिले. शिवाय एकदा सगळं एकत्र झालं की वास पण एकत्र येतो, मग नाकाने ओळखणार कसं काय झालं आणि काय राहिलं? मसाला भाजताना डोळ्यापेक्षा नाकावर जास्त काम असतं म्हणून मी भाजायला बसले की एक्झॉस्ट फॅन बंद ठेवते. धूर होतो, शिंका येतात, पण वास कळतो.

दगडफुलाबद्दल जरा जास्त लिहिते कारण माझ्या अनुभवात दहापैकी आठ कडू मसाल्यांचं कारण हेच असतं. ते झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढतं, त्यामुळे त्याच्या मागच्या काळ्या बाजूला सालीचे कपचे, माती, बारीक खडे चिकटलेले असतात. दुकानातून आणलं की तसंच कढईत टाकायचं नाही. पेपर पसरा, एकेक पापुद्रा हातात घ्या, मागचा कडक लाकडासारखा भाग तोडून टाका, झटका, मग चाळणीत घालून हलवा. १० ग्रॅम निवडलेलं हवं असेल तर १५ ग्रॅम आणावं लागतं. ती साल जळली की कडू होते आणि खडे राहिले तर आमटीत कचकच लागते. भाजताना कढईत अर्धा चमचा तेल, गॅस बारीक, दगडफूल टाकलं की लगेच हलवायला लागायचं. आधी त्याला मातकट, ओल्या लाकडासारखा वास असतो, काही सेकंदात तो बदलून एकदम खमंग, थोडा धुरकट वास उठतो, हाताला लागणारा लवचिकपणा जाऊन ते कुरकुरीत होतं. तिथेच थांबायचं. गॅस बंद करून कढईतच ठेवलंत तर तापलेली कढई त्याला पुढे जाळत राहते, म्हणून लगेच ताटात काढायचं. ही ताटात काढायची सवय सगळ्याच जिनसांना लावा.

मेथ्यांचं पण तसंच आहे, अर्धाच चमचा असतात पण लालसर झाल्या की उतरवायच्या, तपकिरी झाल्या की त्या अर्ध्या चमच्याची पण चव पुढे येते. बाकीच्यांची खूण अशी: धने एक दाणा उचलून दाताखाली धरा, कटकन फुटला आणि आत ओलसर लागला नाही की झाले, रंग बदामी. लवंग फुगते, मसाला वेलची पण टम्म होते. तमालपत्र हातात चुरडलं की चुरा व्हायला हवा, आणि त्याची मधली जाड शीर भाजायच्या आधी काढून टाका, ती कधीच नीट दळली जात नाही. दालचिनीचे आधी खलबत्त्यात तुकडे करा नाहीतर बाहेरून भाजते आणि आत गार. खडा हिंग तेलात तळा, तो फुलून पांढरट हलका होतो, आतून चिकट राहिला तर मसाल्यात त्याच्या गुठळ्या होतात. मिरच्या शेवटी, देठ काढून, नुसत्या कुरकुरीत होईपर्यंत, काळ्या डागापर्यंत नाही. हळद आणि मीठ गॅस बंद करून त्याच गरम कढईत फिरवून घ्या म्हणजे त्यातला ओलावा जातो.

तेल किती? सगळ्या खड्या मसाल्यांना मिळून तीन-चार चमचे, बस. खोबरं आणि तीळ मात्र कोरडे भाजायचे, त्यांच्याकडे स्वतःचं भरपूर तेल असतं.

आणि इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो, खवट वास. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, तिळात निम्म्याच्या आसपास. म्हणजे तुमच्या अर्धा किलो मसाल्यात जवळजवळ ९० ग्रॅम तेल नुसतं या दोघांचं आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की तेल हळूहळू खराब होतं, तोच खवट वास. आधीच जुन्या खोबऱ्याची वाटी आणलीत तर ही सुरुवात दुकानातच झालेली असते, तुम्ही नंतर कितीही काळजी घेतलीत तरी उपयोग नाही. मी २००९ साली हे शिकले. एका ओळखीच्या दुकानदाराने तयार खोबऱ्याचा कीस दिला, स्वस्त पडला, घाईत होते, चाखून बघितला नाही. सहा किलो मसाला केला. पंधरा दिवसांत पहिला फोन आला, मग रोज येत गेले, सगळ्यांचे पैसे परत दिले आणि सगळा मसाला टाकून दिला. तेव्हापासून कीस आणत नाही, अख्ख्या वाट्या आणते आणि प्रत्येक वाटीचा तुकडा तोडून चावते. चांगलं खोबरं आधी गोड लागतं आणि शेवटपर्यंत गोडच राहतं. खराब असेल तर पहिल्यांदा काही कळत नाही, गिळल्यावर घशाशी साबणासारखं काहीतरी राहतं. ते राहिलं की वाटी बाजूला. आतून पिवळी पडलेली, बुरशीचे ठिपके असलेली वाटी तर घ्यायचीच नाही, बुरशी पुसून वापरायचा विचारही करू नका.

खोबरं किसून मंद आचेवर हलवत राहायचं, कडेचं आधी लाल होतं म्हणून कडेचं आत, आतलं कडेला. एकसारखा गुलाबी-तपकिरी रंग आला की उतरवा. बऱ्याच जणी काळा मसाला काळा व्हावा म्हणून खोबरं काळपट होईपर्यंत नेतात, ते मला पटत नाही, रंग दगडफूल, धने आणि मसाला वेलची यांच्यातून यायला हवा, खोबऱ्यातून आणायला गेलात तर त्याचा गोडवा जातो आणि मग तो गोडा मसाला कसला? तीळ तडतडायला लागले आणि दोन-चार बाहेर उडाले की झाले, त्यांची वाट बघायची नाही.

आता जिन्नस घ्यायचे कसे. आख्खेच घ्या. पावडरीत काय मिसळलंय ते घरी ओळखता येत नाही, आख्ख्या जिनसात बरंच ओळखता येतं. लवंग नखाने दाबा, तेल सुटायला हवं, नखाला वास राहायला हवा. तेल काढून घेतलेल्या लवंगा बाजारात येतात, त्या सुरकुतलेल्या आणि हलक्या असतात, पाण्यात टाकल्या तर आडव्या तरंगतात, चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळतात, मूठभर मिरे पाण्यात टाका, वर तरंगतील त्याकडे संशयाने बघा. जायपत्रीच्या नावाने रामपत्री खपवतात, दिसायला तशीच पण रंग गडद लालसर, आणि नाकाशी धरली तर वासच नाही. जायपत्री केशरी-पिवळी असते आणि दुरून वास येतो. दालचिनी दोन प्रकारची मिळते, जाड लाकडासारखी ती कॅशिया आणि पातळ, अनेक पापुद्र्यांची गुंडाळी ती खरी दालचिनी. गोड्या मसाल्यात जाड चालते, मी पण तीच घालते, तिचा वास उग्र असतो आणि धने-खोबऱ्यापुढे टिकतो, फक्त १० ग्रॅमच्या वर जाऊ नका. तुम्ही म्हणालात बहीण अमेरिकेत करणार आहे, तिला एक सांगा की तिकडे बे लीफ म्हणून जे पान मिळतं ते आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकणारा, त्या पानाला मधली एकच शीर आणि वास वेगळाच. इंडियन स्टोअरमधून शिरा मोजून आणायचं.

ऊन हवंच का, तर हो, मिळत असेल तर जरूर. धने, मिरच्या, तमालपत्र, दगडफूल, बाद्यान दोन दिवस कडक उन्हात, वरून जुनी सुती ओढणी टाकून, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला आत आणायचं, नाहीतर दिवसभर सुकवलेलं पुन्हा गार पडून ओलावा धरतं. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर ओव्हन ६०-७० डिग्रीवर, दार किंचित उघडं ठेवून तासभर. मिरची वाजवून बघायची, आत बिया खुळखुळ वाजल्या आणि वाकवली की कटकन मोडली तर वाळली.

भाजून झालं की सगळं ताटांमध्ये पसरून पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई करतात आणि पस्तावतात. कोमट जरी राहिलं तरी मिक्सरच्या भांड्यात वाफ धरते, तो ओलावा मसाल्यात जातो आणि पावसाळ्यात बुरशी. दळायचा क्रम असा: आधी कडक जिन्नस, दालचिनी, बाद्यान, जायपत्री, मिरे, लवंग, नागकेशर, हिंग, सगळं एकत्र बारीक करून चाळून घ्या. मग धने, जिरे, शहाजिरे, मेथ्या, तमालपत्र, दगडफूल, मसाला वेलची, मिरच्या. खोबरं आणि तीळ सगळ्यात शेवटी, आणि ते नुसते कधीच फिरवायचे नाहीत, नुसते फिरवलेत की तेल सुटून पात्याखाली गोळा बसतो. त्यात तयार धन्याची दोन वाट्या पूड घालून मग फिरवा, पूड तेल शोषून घेते. भांडं अर्धंच भरा, पाच-सात सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. भांडं हाताला गरम लागलं तर दहा मिनिटं बाजूला ठेवा. वास म्हणजे उडून जाणारं तेल असतं, दळताना स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला तर छान वाटतं पण तो डब्यातूनच निघून चाललेला असतो. डंकावर कुटून आणलेला मसाला चांगला लागतो तो यामुळेच, तिथे मुसळ ठेचतं, मिक्सरसारखं पातं कापत आणि तापवत नाही, पण डंकवाले बहुतेक दोन-तीन किलोखाली घेत नाहीत आणि आधी कुणाची तरी मिरची कुटलेली असते, त्याचं तिखट तुमच्या गोड्या मसाल्यात येतं. अर्ध्या किलोला मिक्सरच बरा.

दळल्यावर सगळं मोठ्या परातीत घेऊन हाताने दहा मिनिटं चोळून एकजीव करा, आणि कोरडा चाखून काही ठरवू नका. कोरडा मसाला जिभेवर नेहमीच तुरट-कडवट लागतो, पुष्कळ जणी त्याच क्षणी घाबरून त्यात आणखी खोबरं घालतात. अर्धा चमचा मसाला वाटीभर गरम वरणाच्या पाण्यात घाला, चिमूट मीठ, थोडासा गूळ, दोन मिनिटं उकळा आणि मग चाखा. आणि खरी चव आठ दिवसांनी कळते. पहिल्या दिवशी लवंग वेगळी, दालचिनी वेगळी लागते, आठवड्यात सगळं एकमेकांत मुरतं.

डब्याचं म्हणाल तर स्टीलचा डबा अर्धा रिकामा ठेवलात, हीच चूक. जेवढी रिकामी जागा तेवढी हवा. पाव-पाव किलोच्या काचेच्या बरण्या घ्या, मसाला दाबून काठोकाठ भरा, अंधाऱ्या कपाटात ठेवा, रोजच्या वापराला पंधरा दिवसांपुरता छोट्या डबीत काढा. डबी उकळत्या आमटीवर धरून मसाला झटकायचा नाही, वाफ आत जाते. फ्रीजमध्ये ठेवला तर उत्तम टिकतो, फक्त बरणी बाहेर काढल्यावर पूर्ण नॉर्मलला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, गार बरणी उघडली की आतल्या मसाल्यावर दव धरतं. आणि गोडा मसाला वर्षाचा करू नका. तीन-चार महिन्यांचा करा. वर्षाचा करायचा तो मिरचीचा मसाला, त्यात खोबरं नसेल तर.

त्यावरून तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा प्रश्न, थोडक्यात सांगते कारण तो वेगळा विषय आहे. कोल्हापूरकडे त्याला नुसतं चटणी म्हणतात आणि वर्षाची करतात. तिखटासाठी संकेश्वरी, रंगासाठी ब्याडगी, पहिल्यांदा करताय तर अर्धी-अर्धी. तिखट कमी हवं म्हणून नुसत्या बिया झटकून फार फरक पडत नाही, तिखटपणा असतो तो बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत, ती काढावी लागते. कांदा उभा पातळ चिरून उन्हात दोन-तीन दिवस वाळवून मग तेलात कुरकुरीत तळायचा. ओला कांदा परतून घातलात तर महिन्याच्या आत बुरशी येणार म्हणजे येणारच.

आता जुन्या डब्याचं. खवट झालेला मसाला टाकून द्या, तो कशात घालून खपवू नका, पोटाला चांगला नाही आणि भाजी पण वाया जाते. नुसता कडवट असता तर सांगितलं असतं की निम्म्याने ताजं भाजलेलं खोबरं-तीळ घालून काळ्या वाटाण्याच्या उसळीत संपवा, पण तुमच्यात दोन्ही दोष आहेत.

आणि नवीन मसाला चाळलात की चाळणीवर मूठभर जाडसर चाळ राहतो, तो टाकू नका. पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून मसालेभात शिजताना त्यात सोडा, झाला की काढून घ्या. आमच्याकडे मसाला दळला त्या रात्री हाच भात असतो, वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप.